शेवटच्या डब्यातला धूर

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या वर्षीची पत्रिका आपण पाहिली असेल. काल पाण्याचा प्रश्न होता, उद्या ज्ञानेश्वरी आहे आणि मधल्या दिवशी खेळण्यातल्या मालगाडीचा एक डबा. छापायच्या आधी चिटणीसांनी मला दोनदा विचारून घेतलं, विषय हाच ना? हाच. एका वस्तूचं परीक्षण करायचं आहे. पुस्तकाचं करतात, नाटकाचं करतात, तसं एका वीतभर डब्याचं.

डबा टेबलावर आहे. मागच्या रांगेतून दिसणार नाही म्हणून वर्णन करतो. विटकरी-तपकिरी रंग, गोल खिडक्या, दोन्ही टोकांना छोटे सज्जे, छपराच्या मधोमध उंच काचेची खोली आणि तिच्याजवळ बोटाच्या पेराएवढं धुराडं. छपरावरून कठड्यासारखी एक दांडी गेली आहे, तिच्याकडे नंतर येतो. प्रमाण एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे छंदी लोक ज्याला ओ गेज म्हणतात ते. रूळ दोन नाहीत, तीन आहेत. हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा एन-५-सी जातीचा कबूस. खरे डबे १९४२ साली त्या कंपनीच्या अल्टूना कारखान्यात बांधले गेले, दोनशे. माझ्या भाचीने न्यू जर्सीहून हा नमुना आणून दिला. उत्पादकाचं नाव घेणार नाही. मला जाहिरातीसाठी बोलावलेलं नाही, आणि भांडण उकरून काढण्यासाठीही नाही. खोक्यावर दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत छापल्या होत्या: दिवे लागतात आणि धूर येतो.

आता दिवे कसले आणि धूर कसला, हे कळायला खऱ्या डब्यात चढावं लागेल.

आपल्याकडे मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असतो, ब्रेक व्हॅन. तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे: उघडा ओटा, मधे लहानशी खोली, हिरवा-लाल बावटा धरून उभा असलेला एकटा माणूस. अमेरिकेतला कबूस त्याचाच भाऊ, पण थोडा सुखवस्तू. त्यात मालगाडीचा कंडक्टर बसे. तिकडे गाडीचा खरा मालक इंजिन चालवणारा नव्हे, हा शेवटच्या डब्यातला माणूस. कोणता डबा कुठे सोडायचा त्याची कागदपत्रं त्याच्या टेबलावर. सोबत एक-दोन ब्रेकमन. झोपायला बाकवजा पलंग, पाण्याचं पिंप, आणि कोपऱ्यात जमिनीला बोल्टने घट्ट आवळलेली लोखंडी शेगडी. तिच्या वरच्या तव्याभोवती कठडा असे, कॉफीचं भांडं घसरू नये म्हणून. पूर्वी अनेक रेल्वेंवर एक कबूस एकाच कंडक्टरच्या नावावर असायचा. मग त्यात पडदे लागत, भिंतीवर कॅलेंडर येई आणि कोणत्या डब्यात स्टू चांगला होतो याची यार्डात कीर्ती होई.

भांडं घसरण्याचं कारण मात्र गमतीचं नाही. मालगाडीच्या प्रत्येक जोडणीत काही इंच ढिलेपणा असतो. तो ठेवावाच लागतो, नाहीतर इंजिनाला सगळे डबे एकदम ओढावे लागतील. इंजिन पुढे सरकतं, पहिला डबा खेचला जातो, मग दुसरा, मग तिसरा. शंभर डब्यांच्या गाडीत हा ढिलेपणा साठत साठत कित्येक फुटांवर जातो. इंजिन चालायला लागलेलं असतं आणि शेवटचा डबा अजून जागेवर असतो. त्याची पाळी येते तेव्हा शून्यातून थेट इंजिनाच्या वेगात. उभा असलेला माणूस भिंतीवर आदळे. कबूसमध्ये हाडं मोडण्याचं मोठं कारण हेच होतं. आत जागोजागी धरायच्या दांड्या असत आणि नव्या माणसाला पहिली शिकवण असे: गाडीचा खडखडाट पुढून आपल्याकडे येताना ऐकू आला की आहेस तिथे काहीतरी धर.

वरची काचेची खोली कशासाठी? गाडीवर नजर ठेवण्यासाठी. तिला क्युपोला म्हणतात. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या एका कंडक्टरने १८६३ साली, छपराला भोक पडलेल्या डब्यातून जाताना, पेट्या रचून त्यावर बसून डोकं बाहेर काढलं आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट फारच बेतलेली वाटते, पण तिकडच्या रेल्वेवाल्यांना ती प्रिय आहे. काम मात्र खरं होतं. चाकांच्या दांड्यांचे बेअरिंग तेव्हा तेलात भिजवलेल्या चिंध्यांवर चालत. तेल कमी पडलं की बेअरिंग तापे, चिंध्या पेटत, आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर दांडी तुटून गाडी रुळावरून जाई. म्हणून क्युपोलात बसलेला माणूस वळणावर गाडी अंगाने दिसली की तिच्या सबंध लांबीवर धूर शोधत असे. म्हणजे शेगडीचा धूर या डब्यातून निघे आणि दुसऱ्या कोणाचा निघत नाही ना हे पाहायला याच डब्यात माणूस बसे.

आता दिवे. कबूसच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर कंदील टांगलेले असत. मागे लाल भिंग, बाजूला आणि पुढे हिरवं किंवा पिवळं. यांना मार्कर म्हणत. अमेरिकन रेल्वेच्या जुन्या नियमावलीत गाडीची व्याख्या मोठी सुंदर आहे. इंजिन, एक किंवा अनेक जोडलेली, डबे असोत वा नसोत, आणि त्याने मार्कर लावलेले असावेत: ती गाडी. डबे नसले तरी चालतील, मार्कर नसले तर चालणार नाहीत. कारण सरळ आहे. सिग्नल केबिनमधल्या माणसाला गाडी गेली हे कळून उपयोग नाही, पूर्ण गेली हे कळायला हवं. मधेच जोडणी तुटून मागचे वीस डबे रुळावर राहिले असतील तर मागून येणाऱ्याचा मृत्यू तिथे उभा आहे. आपल्याकडे शेवटच्या डब्यावर ‘एल व्ही’ची पाटी आणि रात्री लाल दिवा असतो, स्टेशनमास्तर तो पाहून पुढच्या स्टेशनला कळवतो, ते याच तर्काने.

एवढी तयारी करून आता नमुन्याकडे येऊ. आधी दिवे.

मार्कर उत्तम आहेत. तांदळाच्या दाण्याएवढ्या घरात लाल एलईडी बसवला आहे आणि बाजूचा हिरवा प्रकाश त्याच घरातून प्लास्टिकच्या दोऱ्याने वळवून आणला आहे. लाल खरोखर लाल आहे, गुलाबी नाही, आणि डोळ्यात घुसत नाही. मी पेशाने विद्युत अभियंता. स्वस्त नमुन्यांत लाल एलईडीला पुरेसा रेझिस्टर न देण्याची जी वाईट खोड आहे ती इथे नाही. तीन रुळांचा इथे फायदा होतो. मधल्या रुळावरून एक छोटा रोलर वीज घेतो आणि बाहेरच्या दोन्ही रुळांकडे ती परत जाते, त्यामुळे संपर्क पक्का राहतो. दोन रुळांच्या लहान नमुन्यांत, एचओ म्हणजे एकास सत्त्याऐंशीच्या प्रमाणात, चाकांनाच वीज उचलावी लागते आणि रुळावर जरा धूळ आली की दिवे फडफडतात. या नमुन्यात शिवाय कपॅसिटर आहे, तो मधले तुटके क्षण भरून काढतो. मी गाडी वळणाच्या सांध्यांवरून मुद्दाम रेंगाळत नेली, मार्कर थरथरले नाहीत.

आतल्या दिव्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती कारागिरीची नाही, समजुतीची आहे. या डब्यात आत तीन दिवे आहेत आणि सगळे लागले की डबा लग्नघरासारखा उजळतो. टेबलाशी बसलेला कंडक्टर दिसतो, त्याची टोपी दिसते, शेगडी दिसते. पाहणारा खूष होतो. पण रात्री धावणाऱ्या खऱ्या कबूसमध्ये असा उजेड ठेवत नसत. आत उजेड असला की काचेत स्वतःचंच तोंड दिसतं, बाहेरचा धूर कुठून दिसणार? कागद वाचायला टेबलापाशी मंद दिवा, बाकी अंधार. खरा रात्रीचा कबूस म्हणजे मागे दोन लाल ठिपके आणि बाजूने जवळजवळ काळा डबा. या नमुन्याच्या पोटाखाली एक बारीक बटण आहे, त्याने आतले दिवे वेगळे बंद करता येतात. ज्याने ते बटण ठेवलं त्याला कबूस माहीत होता. ज्याने खोक्यावरचं चित्र काढलं त्याला ग्राहक माहीत होता.

छपरावरच्या दांडीबद्दल म्हणालो होतो. ती अँटेना आहे. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने चाळीसच्या दशकात कबूसमधून इंजिनाशी बोलण्याची सोय केली होती. रेडिओ नव्हे, रुळातून आणि कडेच्या तारांमधून प्रवर्तनाने संदेश जाई. एक किलोमीटरहून लांब गाडीच्या दोन टोकांना असलेल्या माणसांना त्याआधी बावटा, कंदील आणि शिटी एवढंच होतं. नमुन्यात ही दांडी बारीक तारेची केली आहे आणि फारच नाजूक आहे. खोक्यातून काढतानाच एका टोकाला निखळली. चिकटवली.

आता धूर. इथे मला जरा वेळ घ्यायचा आहे.

खेळण्यातल्या गाडीतून धूर काढायचा ध्यास जुना आहे. अमेरिकेत लायोनेल कंपनीने तो १९४६ साली मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला. जोशुआ लायोनेल कावन यांनी १९०० साली न्यू यॉर्कमध्ये सुरू केलेली ही कंपनी. त्यांची पहिली वीजगाडी मुळात दुकानाच्या खिडकीत गिऱ्हाईक ओढायला केलेली होती, आणि गिऱ्हाइकांनी माल सोडून गाडीच मागितली. १९४६ च्या इंजिनात एक खास दिवा होता, त्याच्या काचेवर खळगा, खळग्यात अमोनियम नायट्रेटची गोळी. दिव्याच्या उष्णतेने गोळी वितळे आणि पांढरा धूर येई. दिवा पुरेसा तापत नसे, म्हणून पुढच्याच वर्षी तिथे तापणारी तार आली. पण तो सगळा खटाटोप इंजिनासाठी. कबूसच्या धुराड्यातून धूर काढावा हे शहाणपण, किंवा वेडेपण, पुढच्या काळातलं.

आजचा धूर गोळीचा नाही, तेलाचा आहे. धुराड्याखाली लहानशी डबी, तिच्यात काचेच्या लोकरीसारखा तंतूंचा बोळा, त्यात रुतवलेला रेझिस्टर. धुराड्यातून ड्रॉपरने खनिज तेलाचे चार-पाच थेंब सोडायचे. रेझिस्टर तापला की तेलाची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत तिचे सूक्ष्म थेंब बनतात. आपल्याला दिसतात ते हे थेंब. यात काहीही जळत नाही. जळायला लागलं तर समजा तेल संपलं आणि बोळा करपतोय. थेंब जास्त झाले तर धूर येण्याऐवजी आतून गुरगुर ऐकू येते आणि छपरावर तेलाचा ओघळ येतो. तो पुसला नाही आणि रुळावर उतरला, की पुढच्या फेरीत इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. सूचनापत्रकात थेंबांची संख्या ठळक छापली आहे, आणि ती पाळावी असं मी कळकळीने सांगतो.

बहुतेक इंजिनांच्या धूरयंत्रात पंखा असतो, तो चाकांच्या तालावर भकभक धूर ढकलतो. इंजिनाला ते शोभतं. कबूसमध्ये पंखा घालणं हा मात्र शुद्ध अविचार. शेगडी भकभक करत नाही. असे पंखेवाले कबूस मी पाहिले आहेत, आणि पाहताना एकच विचार येतो की आतल्या कंडक्टरने उडी का मारली नाही. या नमुन्यात पंखा नाही, धूर आपोआप वर येतो. निवड बरोबर आहे. तरीही धूर खोटा दिसतो, आणि का ते समजलं तेव्हा मला या डब्यात खरा रस वाटायला लागला.

गणित सोपं आहे. समजा खरी मालगाडी ताशी ४८ किलोमीटरने जाते आहे. एकास अठ्ठेचाळीसच्या नमुन्यात तोच वेग ताशी एक किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ सेंटीमीटर. गाडी लहान केली, वेगही तेवढाच लहान केला. पण धुराड्यातून निघणारी गरम हवा वर चढते ती या खोलीतल्या हवेच्या नियमाने. तिला आपण लहान केलेलं नाही. तीही सेकंदाला वीस-तीस सेंटीमीटरने चढते असं धरा. गाडी जेवढी पुढे, धूर जवळजवळ तेवढाच वर. खऱ्या गाडीवर वारा शेगडीचा धूर दाबतो, तो छपराला लागून मागे लोळत जातो आणि विरतो. नमुन्यावर तो तिरका उभा राहतो. अठ्ठेचाळीस पट मोठं करून पाहिलं तर हा धूर सेकंदाला दहा मीटरच्या पुढे वर उसळतोय. ती शेगडी नव्हे, गरम पाण्याचा फवारा झाला. शिवाय तेलाचा थेंब लहान होत नाही, हवेचा चिकटपणा कमी होत नाही. वळसे पडायचे तिथे सरळ रेघ येते.

प्रकाशाचं असं नाही. लाल दिवा निम्म्या आकाराचा केला की निम्म्या आकाराचा लाल दिवाच मिळतो. तेज थोडं आवरावं लागतं, एवढंच. म्हणून कोणत्याही चांगल्या नमुन्यात दिवे आपल्याला फसवतात आणि धूर फसवत नाही. पाणीही फसवत नाही, झेंड्याचं कापडही फसवत नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथे रात्रीचा देखावा सुरू होतो आणि दिवे लागतात तेव्हा लहान मुलं गप्प होतात. धुराला ती टाळ्या वाजवतात. या दोन प्रतिक्रियांत जो फरक आहे तोच मी आकड्यांत मांडायचा प्रयत्न केला.

दुसरी अडचण विजेची आहे, आणि ती जास्त विनोदी आहे. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवर गाडीचा वेग रुळातल्या व्होल्टेजने बदलतो. व्होल्टेज वाढवा, गाडी पळते. कमी करा, थांबते. पण शेगडीचा रेझिस्टरही त्याच रुळावर पोसलेला. म्हणजे गाडी सुसाट सुटली की शेगडी पेटते आणि गाडी थांबली की विझते. खऱ्या आयुष्यात नेमकं उलटं: गाडी बाजूच्या मार्गावर दोन तास खोळंबली की तेव्हाच कॉफी चढवायची. यावर इलाज आहे. आजकालच्या डिजिटल नियंत्रणात रुळावर कायम १८ व्होल्ट असतात आणि वेगाचा हुकूम वेगळा जातो. तशा रुळावर हा डबा उभा केला तेव्हा प्रथमच धूर मला पटला. गाडी थांबलेली, खिडकीत मंद दिवा, धुराड्यातून सरळ वर जाणारी पातळ रेघ. वारा नसलेल्या हिवाळी रात्री तिकडे खरोखर असंच दिसत असणार. धूर खोटा ठरत होता तो धावताना; थांबलेल्या गाडीत तो खोटं बोलत नाही. मग माझी शिफारस अशी की धूर फक्त सायडिंगवर उभ्या गाडीत लावावा. उत्पादकाने थोडा खर्च करून गाडी थांबली की धूर सुरू होईल अशी सोय केली असती तर मी इतका वेळ तक्रार केली नसती.

बारीकसारीक सांगून टाकतो. धूरयंत्राच्या वरचं छप्पर प्लास्टिकचं आहे, अर्धा तास सतत चालवल्यावर हाताला चांगलं गरम लागतं. मी त्याहून जास्त चालवत नाही. खोलीत तेलाचा वास राहतो. गॅलरी असेल तर दार उघडं ठेवा. बोगी धातूच्या आहेत, जोडण्या खऱ्यासारख्या बोटं आवळणाऱ्या आहेत. अक्षरं भिंगातून वाचली, बिनचूक आहेत. एक मनुष्याकृती कमी आहे: क्युपोलात कोणीच बसलेलं नाही. शेगडीपाशी माणूस बसवला आणि पहाऱ्याची जागा रिकामी ठेवली! तो मी स्वतः रंगवून बसवणार आहे.

खरे कबूस आता मालगाड्यांना सहसा दिसत नाहीत. चिंध्यांवरची बेअरिंग गेली, त्यांच्या जागी रोलर बेअरिंग आली. तापलेलं बेअरिंग ओळखणारी यंत्रं रुळाकडेला बसली. शेवटच्या डब्याच्या जोडणीवर एक पेटी अडकवली की ती ब्रेकच्या हवेचा दाब इंजिनाला कळवते आणि रात्री लाल लुकलुकते. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेने हे आधी केलं. १९८२ मध्ये कामगार संघटनेशी करार झाला आणि मग कबूस झपाट्याने हटले. आपल्याकडे गार्डाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि काही मालगाड्यांच्या शेपटीला तशाच पेट्या लागू लागल्या आहेत. कर्जतहून खंडाळ्याचा घाट चढताना मालगाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं लागतात, तेव्हा त्यांच्या आणि गाडीच्या मधे बसलेल्या गार्डाची अवस्था अल्टूनाजवळच्या हॉर्सशू कर्व्हचा चढ चढणाऱ्या कंडक्टरला लगेच समजली असती. तिकडे जुने लाकडी कबूस मागच्या इंजिनाच्या रेट्याने चिरडले जात. पोलादी सांगाड्याचे डबे येण्याचं तेही एक कारण.

घ्यावा का, हा प्रश्न प्रश्नोत्तरांत येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. तिकडे किंमत शंभर डॉलरच्या घरात पडते. मार्करसाठी घ्यावा, पोटाखालच्या त्या बटणासाठी घ्यावा. केवळ धुरासाठी घेत असाल तर त्या पैशांत दुसरं काही घ्या.

आता प्रात्यक्षिक. आधी गाडी धावती, मग उभी, म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल. पहिल्या दोन रांगांत कोणाला दमा असेल तर त्यांनी कृपया मागे बसावं. आणि चिटणीसांना एक विनंती आहे, भर मे महिन्यात करताना संकोच वाटतो: पाच मिनिटं सभागृहातले सगळे पंखे बंद करावे लागतील.